गाठ कापू न देणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,
स. न. वि. वि.

डॉक्टरांचे आभार समोरच मानले. तुमचे राहून गेले, कारण त्या सकाळी तुम्ही एका जागी उभ्या म्हणून राहिला नाहीत. म्हणून हे उघड पत्र.

दादाच्या मानेतली गाठ दुखत नव्हती, आणि तिथेच सगळा घोळ झाला. न दुखणाऱ्या गाठीला कोण घाबरतं? अँटिबायोटिक झालं, गुळण्या झाल्या, त्याच बाजूचा कान ठणकायला लागला तेव्हा कानात थेंब झाले. शेवटी एका ठिकाणी ठरलं की गाठ काढून तपासायला पाठवू. तारीखही मिळाली. तुमच्या क्लिनिकला फोन केला तो निव्वळ दुसरं मत घ्यायला.

तुम्ही भराभर विचारलंत: आवाज बदललाय का, गिळताना अडकतं का, कान कुठल्या बाजूचा. आणि म्हणालात, "गाठ आत्ता कापू देऊ नका. आधी घसा बघू, मग सुई."

त्यामागचं कारण सर्जननी नंतर सांगितलं. मानेतली गाठ कॅन्सरची निघाली, तरी मूळ बरेचदा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मागच्या भागात दडलेलं असतं. ते न शोधता मान उघडली, तर पुढचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. कानाचंही कोडं सुटलं. घसा आणि कान या दोन्हींकडे जाणारी एक नस सामाईक आहे, त्यामुळे घशातली कळ कानात उमटते.

मग एकाच सकाळी नाकातून बारीक दुर्बीण, सोनोग्राफीवर बघत गाठीत सुई, आणि पेशी पुरेशा आल्या का ते तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली. नमुना अपुरा म्हणून पुन्हा हेलपाटा नाही. एरवी या प्रत्येक गोष्टीची रांग वेगळी असते. यंत्रं पुष्कळ ठिकाणी असतात हो. ती एका माणसासाठी लागोपाठ जुळवून आणणारं कुणी नसतं.

तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना कॅन्सर नसतोच, हेही तुम्ही सांगितलं होतंत. दादा त्या बहुतेकांत निघाला नाही. मूळ टॉन्सिलमध्ये सापडलं, एचपीव्ही विषाणूमुळे झालेलं. "तंबाखू नाही, दारू नाही, मग मलाच कसं?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता आणि तुम्ही दर वेळी तितक्याच शांतपणे उत्तर देत होतात. या प्रकारात उपचार सहसा चांगले लागू पडतात, हे त्याला तुमच्याच तोंडून पटलं.

मी मात्र आता घरादाराच्या मागे लागले आहे. तोंडातला फोड, बसलेला आवाज किंवा मानेतली गाठ 3 आठवड्यांत गेली नाही, तर दाखवायचंच. लोक वैतागतात. वैतागू देत.

दादाचं रेडिएशन सुरू आहे. चेहऱ्यावर घट्ट बसणाऱ्या त्या जाळीच्या मास्कबद्दल त्याची रोज कुरकुर असते. पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा ती तुम्हालाही ऐकावी लागेल, तयारीत राहा.

आपली,
दादाची धाकटी बहीण