‘स्पॅममध्ये बघा’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा, वाचनालये, गृहनिर्माण संस्था, नाट्यमंडळे यांच्या संकेतस्थळांवर अर्ज भरला की खाली एक ओळ हमखास दिसते : ‘मेल न आल्यास कृपया स्पॅम फोल्डर तपासा.’ पाठवणाऱ्याच्या घरची चूक घेणाऱ्याच्या गळ्यात घालणारी ही ओळ आहे. फीची पावती, पासवर्ड बदलायची लिंक, प्रवेशाची तारीख कळवणारा मेल गडप होतो त्याची कारणे मोजकी आहेत. बहुतेक वेळा ती पैसा न खर्चता, एका बैठकीत दूर होतात.

सर्वांत जास्त सापडणारी चूक संपर्काच्या फॉर्ममध्ये असते. कुणी आपला याहूचा पत्ता लिहून फॉर्म पाठवला, की बरेच फॉर्म तोच पत्ता मेलच्या ‘फ्रॉम’मध्ये घालतात. मेल निघतो संस्थेच्या होस्टिंग सर्व्हरवरून, म्हणजे संकेतस्थळ जिथे ठेवलेले असते त्या संगणकावरून, आणि नाव सांगतो याहूचे. आमच्या नावाने दुसरीकडून आलेला मेल नाकारा, असे याहूने एप्रिल २०१४ पासून जाहीर करून ठेवले आहे. त्यामुळे तो नाकारला जातो. भरणाऱ्याला मात्र पडद्यावर ‘धन्यवाद, आपला संदेश मिळाला’ असेच दिसते. त्या वाक्याचा अर्थ इतकाच, की होस्टिंगच्या सर्व्हरने मेल हातात घेतला. पुढे तो कुठे पोहोचला याची त्यात काही हमी नाही. ‘फ्रॉम’मध्ये कायम संस्थेच्या डोमेनचा, म्हणजे तिच्या संकेतस्थळाच्या नावाचा, पत्ता ठेवावा आणि भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये घालावा. उत्तर बरोबर त्याच माणसाकडे जाते.

दुसरी चूक अशी, की मेलची पेटी गूगल वर्कस्पेस किंवा झोहोकडे हलवलेली असते, संकेतस्थळ मात्र जुन्या होस्टिंगवरच असते. या डोमेनच्या पेट्या अजून आपल्याचकडे आहेत अशा समजुतीत तो सर्व्हर फॉर्मचे मेल बाहेर न पाठवता स्वतःच्याच जुन्या पेटीत टाकत राहतो. बाहेरच्यांचे मेल येतात, फक्त आपल्याच संकेतस्थळाचे येत नाहीत, हे या दुखण्याचे लक्षण. सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण-पानावर, ‘ईमेल राउटिंग’ उघडून ‘लोकल’ऐवजी ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ निवडले की काम होते. ती जुनी पेटीही एकदा उघडून पाहावी. कित्येक महिन्यांचे अर्ज तिथे पडलेले असू शकतात.

यानंतर डोमेनच्या डीएनएसमधल्या (इंटरनेटवरच्या नाव-पत्त्यांच्या वहीतल्या) तीन नोंदी : एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. या डोमेनचे मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून निघू शकतात ती यादी म्हणजे एसपीएफ. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. होस्टिंगवाल्याने एक करून ठेवलेली असते, पुढे गूगलसाठी कुणीतरी दुसरी जोडतो, आणि दोन झाल्या की तपासणी ‘परमनंट एरर’ देते. म्हणजे दोन्ही फुकट. दुसरी नोंद पुसून तिच्यातला ‘इन्क्लूड’चा (दुसऱ्या सेवेची यादी सामील करून घेणारा) भाग पहिलीत, शेवटच्या ‘ऑल’च्या आधी टाकावा. ‘इन्क्लूड’, ‘ए’, ‘एमएक्स’ मिळून १० डीएनएस चौकश्यांची मर्यादा आहे आणि एका ‘इन्क्लूड’च्या पोटात आणखी तीन-चार असू शकतात. वापरात नसलेल्या सेवा काढून टाकाव्यात.

डीकेआयएम ही प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. ती तपासण्यासाठी डीएनएसमध्ये ठेवायची २०४८ बिटची सार्वजनिक किल्ली २५५ अक्षरांपेक्षा लांब असते, आणि डीएनएसच्या मजकुरात एका तुकड्यात त्याहून जास्त अक्षरे बसत नाहीत. काही पॅनल आपोआप दोन तुकडे करतात, काही निमूटपणे शेपूट कापतात. चिकटवलेली किल्ली शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून पाहावी. गूगल वर्कस्पेसमध्ये नोंद केल्यावर परत ॲडमिन पानावर जाऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबावे लागते. तेवढे राहून गेले तर किल्ली लागलेली असूनही संस्थेच्या नावाची सही होतच नाही.

डीमार्क पाहतो की वाचणाऱ्याला दिसणारे ‘फ्रॉम’मधले डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकेआयएममध्ये उत्तीर्ण झालेले डोमेन एकच आहे ना. एसपीएफ पाकिटावरचा, म्हणजे सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पाठवणाऱ्याचा पत्ता तपासतो, आतल्या पत्रावरचा नाही. म्हणून एसपीएफ उत्तीर्ण आणि डीमार्क नापास असे होऊ शकते. सुरुवात ‘नन’ (नापास मेल अडवू नका) धोरणाने करावी, अहवालासाठी एक पत्ता द्यावा, दोन-तीन आठवडे अहवाल पाहावेत आणि मगच ‘क्वारंटाइन’कडे (स्पॅममध्ये टाका) जावे. पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ (नाकारा) लावल्यास संस्थेचे स्वतःचेच मेल अडू शकतात.

गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून हे नियम कडक केले. जीमेलला दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत. ‘आपण कुठे एवढे पाठवतो’ म्हणून लहान संस्था गाफील राहतात. पण एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी निदान एक असावे, ही अट सर्वांनाच आहे.

वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवर असलेल्यांनी आणखी एक करावे. मुळात ते होस्टिंगच्या सर्व्हरवरून, कसलेही लॉगिन न करता मेल सोडते. त्याच सर्व्हरवर शेकडो अनोळखी संकेतस्थळे असतात आणि एकाच्या उपद्व्यापाने सगळ्यांचा आयपी पत्ता (सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक) काळ्या यादीत जातो. एसएमटीपीचे (मेल पाठवण्याच्या पद्धतीचे) प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, घालून संस्थेच्या खऱ्या मेलखात्यात लॉगिन करून, पोर्ट ५८७ वरून (सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारातून) मेल पाठवावेत. पोर्ट २५ बऱ्याच ठिकाणी बंदच असते.

शेवटी चाचणी. जीमेल, आउटलुक आणि ज्येष्ठ सभासदांकडे अजून असलेले रेडिफमेल अशा तिन्हींवर फॉर्ममधून मेल पाठवावा. जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांखालचे ‘शो ओरिजिनल’ दाबले की वरच्या चौकटीत तिन्ही नोंदींपुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिलेले असते. डीएनएसमधला बदल सगळीकडे पोहोचायला काही तास लागतात. लगेच ‘फेल’ दिसले म्हणून नोंद पुन्हा बदलू नये, दुसऱ्या दिवशी पाहावे.

या सगळ्याला डोमेनच्या खात्याचा लॉगिन लागतो. तो अनेक संस्थांकडे नसतो, संकेतस्थळ करून दिलेल्या माणसाकडे असतो. सचिव बदलताना दप्तर आणि शिक्का सोपवतात, त्या यादीत हा लॉगिन आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख लिहून घ्यावी.

आपले,
संकेतस्थळांच्या देखभालीचे काम करणारे काही वाचक, पुणे