विषय: सहा महिन्यांत तीन ब्रेक मास्टर सिलिंडर, आणि तुमचं शेवेबद्दलचं संशोधन

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

तीन महिने तुमच्या हेल्पलाइनवर हिंदीत बोलून झालं. बिलावर मुख्य कार्यालयाचा पत्ता महाराष्ट्रातला छापलाय, म्हणून आता मराठीत लिहितो. कदाचित भाषेचीच अडचण असेल.

गाडी 2009 ची, तुमचीच पिकअप, इंदूरची. पहिला मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा पार्ट, गेला त्याबद्दल तक्रार नाही. सिग्नलला पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली बसायचं, बाहेर कुठे थेंब नाही. आतले रबरी वॉशर झिजले होते. इतक्या वर्षांनी झिजणारच. तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तुमचाच पार्ट बसवला, पावती आहे.

तीन महिने गाडी लोण्यासारखी थांबत होती. मग त्याच सेंटरला सर्व्हिसिंग केलं. बिलात एक ओळ आहे, 'ब्रेक ऑइल टॉप-अप'. ही ओळ लक्षात ठेवा. चौथ्या महिन्यात दुसरा सिलिंडर गेला. तो बदलला, तर तिसरा दीड महिन्यात गेला.

तिसऱ्याच्या वेळी मी बडवाहला माल घेऊन निघालो होतो. सिमरोलच्या आधीच गाडी ओढेना, चाकांतून जळका वास यायला लागला. ब्रेक सोडला तरी लागलेलाच. ढाब्यावर अर्धा तास उभी केली, थंड झाली, सुटली. पुढे भेरूघाटाचा उतार होता. मी गाडी परत फिरवली. माळव्यातून निमाडात उतरणाऱ्या माणसाला त्या घाटात काय होऊ शकतं हे सांगावं लागत नाही. तुम्हाला मात्र सांगावं लागतं, कारण सेंटरवर नेली तेव्हा गाडी थंड होती आणि सुपरवायझर म्हणाला, 'ठीक तो है.' दोन दिवसांनी पुन्हा तेच.

आता फोनचं. मागच्या मंगळवारी तुमच्या 'टेक्निकल टीम'शी बोलणं झालं. ब्रेकमध्ये भलतंच तेल गेलंय, असं मी सांगितलं; ते कसं कळलं ते पुढे लिहितो. पहिला प्रश्न, 'सर, ब्रेक पर पैर रखकर तो नहीं चलाते?' मी एकतीस वर्षं गाडी चालवतोय. नाही म्हटलं. दुसरा, 'ओव्हरलोड?' म्हटलं, शेव असते. शेवेची पाकिटं. गाडी भरलेली दिसते, पण वजन काही नसतं. पलीकडे शांतता. मला वाटलं पटलं. मग ते म्हणाले, 'सर, नमकीन में ऑइल तो होता है ना?'

मी विचारलं, म्हणजे? तर म्हणे ब्रेकमध्ये दुसरं तेल गेल्याचं मीच सांगतोय, आणि गाडीत तर तेलकट माल असतो. मी पुन्हा विचारलं, मागच्या बंद पाकिटातलं शेंगदाण्याचं तेल पुढे बॉनेटखालच्या ब्रेकच्या झाकणबंद टाकीत कसं शिरेल? उत्तर आलं, 'सर, पॉसिबिलिटी बता रहा हूँ.' साहेब, आम्ही बॉनेटखाली शेव तळत नाही. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीतसुद्धा अजून कुणी तसं करत नाही.

दुसरं तेल गेल्याचं कळलं ते लोहामंडीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींमुळे. त्यांनी गाडी गरम असतानाच जॅकवर घेतली. चाकं जाम. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) आणि मास्टर सिलिंडरमधले दोन नट ढिले केले, तरी जाम, म्हणजे बूस्टरची दांडी दाबून धरत नव्हती. मग सिलिंडरमधून निघणारे पाइप जरासे सैल केले. तेलाची पिचकारी उडाली आणि चाकं मोकळी. दाब सिलिंडरमध्येच अडकत होता. टाकीचं झाकण उघडलं तर त्यातलं रबर फुगून पापडासारखं वाकडं झालेलं. त्यांनी पेल्यात पाणी घेतलं आणि टाकीतलं थोडं तेल त्यात टाकलं. बरंचसं विरघळलं, पण वर एक तवंग राहिला.

आपण सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण ते मुळात तेल नसतंच. डॉट 3, म्हणजे या गाडीला लागणारं ब्रेकचं द्रव, पाण्यात मिसळतं. तरंगतं ते खनिज तेल. त्याने आतली रबरं फुगतात, फुगलेला वॉशर तेल परत टाकीत जाण्याचं बारीक भोक झाकून बसतो आणि ब्रेक लागलेलाच राहतो. गरम झालं की आणखी आवळतो. हे तुम्हाला माहीत आहे. झाकणावर 'फक्त डॉट 3' तुम्हीच छापलंय. मग टॉप-अप करणाऱ्याने ते का वाचलं नाही? आणि तिसरा सिलिंडर बसवताना पाइप न धुता, रबरी होज आणि चाकांचे सिलिंडर न बदलता, त्याच घाणीवर नवा पार्ट का चढवला? एकाही बिलावर 'कारण' म्हणून शब्द नाही. दोनदा पैसे घेतले, दोनदा फक्त पार्ट बदलला.

'गाड़ी पुरानी है' हे मी आतापर्यंत पाच वेळा ऐकलं. जुनी आहे, मान्य. पण दीड महिन्याचा सिलिंडर जुना नव्हता.

मला हवंय ते असं: मास्टर सिलिंडर, चारही चाकांची रबरं, होज, मागचा लोड व्हॉल्व्ह (वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा), सगळं तुमच्या खर्चाने, आणि दोन्ही वेळचे पैसे परत. पंधरा दिवसांत. नाहीतर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच तक्रार करता येते, तुमच्या शहरात खेपा घालायची गरज नाही. आणि धंद्याची गाडी म्हणून मी ग्राहकच नाही, हा मुद्दा काढू नका. स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो. वकिलाकडून खात्री करून घेतली आहे.

वडिलांनी घेतली तीही तुमचीच गाडी होती. बावीस वर्षं चालली. तेव्हा ब्रेकबद्दल विचारलं तर शेवेबद्दल कुणी बोलत नसे.

तिसरा सिलिंडर आणि त्यातलं तेल बाटलीत सील करून ठेवलंय. तुमच्या माणसाला पाहायचं असेल तर दुपारी चारनंतर पाठवा. सकाळी भट्टी चालू असते, आणि तेलाजवळ तुमच्या माणसांना उभं करायची आता हिंमत होत नाही.

एक ग्राहक,
इंदूर