चिमणीबद्दल थोडंसं

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुमे,

परवा तुझा फोन आला तेव्हा धड बोलता आलं नाही. म्हटलं, निवांत लिहूनच काढावं. शिवाय एक काम आहे, ते शेवटी सांगते.

रोटरीच्या यूथ एक्स्चेंजमधून आमचे चिरंजीव वर्षभरासाठी फ्रान्सला गेलेत. तेव्हा आपणही कुणाचं तरी पोर सांभाळावं, असं यांनी ठरवून टाकलं. ऑगस्टमध्ये आली ब्राझीलची सोळा वर्षांची मुलगी, पोर्तो अलेग्रीची. अंगात बिल्ल्यांनी भरलेला कोट. नाव सासूबाईंच्या जिभेवर बसेना, म्हणून ती चिमणी झाली. परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा 'फॉर्म सी' २४ तासांत भरायचा होता, त्यामुळे पहिल्या दिवशी हे कॉम्प्युटरपुढचे उठलेच नाहीत.

पहिला महिना मी पार चुकले गं. ही कॉलेजातून आली की खोलीचं दार लावून घ्यायची. आपल्याकडे दिवसाढवळ्या दार कोण लावतं? एक तर रुसलेलं, नाहीतर आजारी. मग मी चहा घेऊन जायची, मागोमाग सासूबाई लाडू घेऊन, आणि शेवटी हे उगाचच "ऑल ओके?" करत. एक दिवस ती रडलीच. तिला अर्धा तास एकटं बसायचं होतं, एवढंच. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मलाही तेवढंच हवं होतं. असो.

भाषेचं म्हणशील तर गंमतच झाली. सासूबाई म्हणाल्या, "चावी दे गं," आणि हिनं दिली! बटाटा, साबण, घमेलं, सगळं तिला कळतंय. पोर आठवड्यात मराठी शिकली म्हणून सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या. तिच्या पोर्तुगीजमधलेच ते शब्द, हे कुणाच्या ध्यानीमनी नाही. फसली ती पेरूला. "आमच्या झाडाला खूप पेरू लागलेत, खाशील ना?" असं मी विचारलं, तर तोंडाकडे बघतच राहिली. तिकडे पेरू म्हणजे टर्की, तो कोंबडीसारखा मोठा पक्षी!

कार्तिकी एकादशीला साबुदाण्याची खिचडी केली. साबुदाणा बघून चिमणी खूश. म्हणाली, आमच्याकडे हे रेड वाइनमध्ये साखर घालून शिजवतात, थंड करून खातात. यांनी भाषांतर केलं, नको होतं करायला. सासूबाईंचा घास हातातच राहिला. "उपासाचं दारूत?" मग यांना चेव आला. आई, ज्या कसाव्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो मूळचा हिच्याच खंडातला. शेंगदाणा, बटाटा, मिरचीही तिकडचीच. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मग पांडुरंगाला चालतंय म्हणायचं," आणि पुन्हा वाढून घेतलं.

खरी पंचाईत शिमाहाँवची. भोपळ्याच्या भांड्यात माते नावाचा पाला भरायचा, वर गरम पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीनं ओढायचं. कडूजहर! पण एकच भांडं, एकच नळी, ती सगळ्यांत फिरते. नाही म्हटलं की तिला वाईट वाटतं, आणि आपल्याला उष्ट्याचा बाऊ. मी डोळे मिटून पिते. सासूबाईंना नेमका त्याच वेळी रोज उपास असतो.

डिसेंबरअखेर ती दुसऱ्या घरी जाणार. वर्षात दोन-तीन घरं बदलायची पद्धतच आहे त्यांची. मला आत्तापासूनच कसंतरी होतंय, पण ते राहू दे.

तर काम असं, जायच्या आधी तिला चार दिवस मडगावला तुझ्याकडे पाठवू का? परवानगीचे कागद मी बघते. तुझे सासरे अजून पोर्तुगीज बोलतात ना? तिला घरच्या भाषेत कुणाशी तरी मनसोक्त बोलू दे. स्कूटर मात्र तिच्या हातात देऊ नका, गाडी चालवायची नाही असा नियम आहे. आणि दार लावलेलं दिसलं तर चहा घेऊन जाऊ नकोस.

लगेच कळव.

तुझी,
माई