रिंगटोन कापताना

महोदय,

लोकलच्या गर्दीत फोन वाजूनही ऐकू येत नाही, तेव्हा दोष बहुधा फोनचा नसतो. गाणं चुकीच्या जागी कापलेलं असतं. अख्खं गाणं रिंगटोन म्हणून लावलं की आधी आलाप किंवा संथ वाद्यमेळ वाजतो आणि मुखडा येईपर्यंत समोरचा फोन ठेवतो. दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०१९ मध्ये मोबाइलची घंटा ३० सेकंद वाजेल असं ठरवलं. त्यामुळे २५ सेकंदांचा तुकडा पुष्कळ झाला, मात्र शब्द पहिल्याच सेकंदाला यायला हवेत.

कुठला तुकडा निवडावा, यात खरी गोम आहे. फोनचा स्पीकर नखाएवढा. डग्ग्याचा घुमारा, मृदंगाचा धुमकार त्यातून बाहेरच पडत नाही. भजन लावलंत तर टाळ, पेटी आणि गळा तेवढा ऐकू येतो. सनई उत्तम वाजते.

संगणकावर 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. हवा तो भाग निवडून कंट्रोल आणि टी दाबा, बाकीचं जातं. उरलेला तुकडा डावीकडे शून्यावर ओढून आणा. नाहीतर आधीची मोकळी जागा शांतता बनून फाइलमध्ये जाऊ शकते. मग हाय-पास फिल्टर २०० हर्ट्झवर लावा. स्पीकरला न झेपणारा खर्ज निघून जातो आणि आवाज न फाटता वाढवता येतो. त्यानंतर 'नॉर्मलाइज', म्हणजे सर्वांत मोठा आवाज ठरावीक पातळीवर आणणं, उणे १ डेसिबलवर करा. शेवटी अर्ध्या सेकंदाचा फेड-आउट द्या, म्हणजे आवाज हळूहळू विरेल. सुरुवातीला फेड-इन नको, तिथेच मोलाची सेकंदं वाया जातात.

अँड्रॉइडसाठी ओजीजी फाइल करा. एमपीथ्रीच्या टोकांना थोडी शांतता चिकटते, म्हणून धून पुन्हा सुरू होताना अडखळते. फाइल फोनच्या स्वतःच्या मेमरीतल्या 'रिंगटोन्स' फोल्डरमध्ये ठेवा. मेमरी कार्डावर ठेवली आणि कार्ड काढलं, की कंपनीची मूळ धून परत येते. आयफोनवर 'गॅरेजबँड'मधून रिंगटोन करता येते, मर्यादा ३० सेकंद. तिथे गाण्याचा भाग मुळात आठ बारचाच (बार म्हणजे तालाचं एक माप) असतो आणि पुढचं कापलं जातं; तो आधी 'ऑटोमॅटिक' करून घ्यावा. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये डाउनलोड केलेली गाणी कुलूपबंद असतात, ती कापता येत नाहीत. स्वतःकडची फाइलच हवी.

रिंगटोन कापून देणारी फुकट अ‍ॅप्स कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागतात. एखाद्या नंबराला वेगळी धून लावायची नसेल तर ती देऊ नका. नुसतं गाणं कापायला तिची गरज नसते.

घरातल्या आजी-आजोबांच्या फोनला किणकिणणारी धून लावणं मात्र टाळावं. वयोमानाने उंच पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात. त्यांच्यासाठी मध्य सप्तकातला गाता आवाज किंवा पेटी निवडा, आणि फोन पिशवीत ठेवून, पंखा चालू करून, पलीकडच्या खोलीतून ऐकून बघा.

- एक ध्वनिमुद्रक, दादर, मुंबई