खेळण्यांसाठी पांगारा लावा

महोदय,

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा विषय निघाला की चर्चा स्टॉल, प्रदर्शन आणि महोत्सवापाशी थांबते. लाकूड कुठून येणार, हे कुणी विचारत नाही.

खेळणी बनवणाऱ्या कारागिरांच्या चितारआळीतली रंगीत लाकडी फळे मूळची पांगाऱ्याची. हे लाकूड हलके, मऊ, पटाशीला सोपे. पण ओलेच कोरून रंगवले तर पुढे आक्रसते, तडा जातो, रंगाचे पापुद्रे निघतात. कापलेला ओंडका पावसात उघडा पडला तर बुरशी आणि कीड लागलीच. म्हणून साल काढून, सावलीत, जमिनीपासून उंच, मधून वारा खेळेल असा रचून तो पूर्ण वाळवावा लागतो.

पांगाऱ्याला रोपवाटिकाही लागत नाही. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढ्या जाड फांदीचा ५-६ फुटांचा खुंट दीड फूट खोल पुरला की फुटतो. पुढे त्यावर मिरीचा वेल चढवता येतो, आणि लाल फुलांवर मैना, शिंजीर येतात ते वेगळेच! बुडाशी पाणी साचले तर मात्र खुंट कुजतो. कोवळी पाने-देठ गाठाळून टाकणाऱ्या बारीक माशीचाही धोका आहे. खुंट निरोगी झाडाचेच घ्यावेत, गाठाळलेले शेंडे छाटून जाळावेत.

प्रभागात मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावे: शाळांच्या कुंपणांवर आणि पालिकेच्या मोकळ्या जागांत शोभेच्या झाडांऐवजी पांगारा लावणार का, आणि पहिली दोन वर्षे गुरांपासून तो कोण राखणार?

– एक वाचक, सावंतवाडी