रूळ टाकण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा नकाशाही. खोली रिकामी झाली आणि इतकी वर्षं खोक्यात पडून असलेल्या तुझ्या मॉडेल रेल्वेच्या गाड्यांना एकदाचे रूळ मिळणार, हे वाचून फार बरं वाटलं. मग नकाशा उघडला आणि कपाळाला हात लावला. 2 मीटर बाय सव्वा मीटरच्या फळीवर दोन बोगदे, नदी, जंक्शन, इंजिनशेड, कारखाना, वरून जाणारी दुसरी लाइन आणि डोंगरावर गाव! लेका, गाडी कुठून जाणार?

स्पष्ट लिही म्हणालास, म्हणून लिहितो. रागावू नकोस.

तुझ्या गाड्या एचओ मापाच्या, म्हणजे 1:87, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान. या प्रमाणात खरा एक किलोमीटर साडेअकरा मीटरचा होतो. 25 मीटर लांबीचा डबा साधारण 29 सेंटिमीटर भरतो आणि तुला हवी असलेली वीस डब्यांची एक्स्प्रेस पावणेसहा मीटर. तुझ्या फळीवर बसणारा मोठ्यात मोठा गोल फेरा जेमतेम पाच मीटरचा. म्हणजे इंजिन आपल्याच शेवटच्या डब्यावर जाऊन आदळणार. त्यापेक्षा एखादी शाखा लाइन घे. छोटं इंजिन, तीन-चार आखूड डबे, मागे दोन वॅगन. लांब डबे 50-55 सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर विचित्रच दिसतात, टोकं बाहेर लोंबतात आणि पोट आत येतं. आखूड डबे त्याच वळणावर ऐटीत जातात.

वरून जाणाऱ्या लाइनचंही तेच. खालच्या गाडीला निघायला रुळाच्या माथ्यापासून किमान 75 मिलिमीटर मोकळी उंची लागते, पुलाची जाडी वेगळी. दोन टक्के चढ धरला, तर नुसते 75 मिलिमीटर चढायलाच पावणेचार मीटर जातात आणि उतरायला तेवढेच. साडेसात मीटर झाले, फेरा पाचाचा! चढ चार टक्के करता येतो, पण वळणावर आधीच गाडी जड ओढली जाते, त्यात चढ आला की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. ती लाइन काढून टाक. पूल हवाच असेल तर रूळ सपाट ठेव आणि जमीन खाली ने. फळीऐवजी चौकट बांध, वर फोमचा जाड थर दे आणि नदी त्या फोममध्ये कोर. दरी खोदून मिळते तेव्हा गाडीला चढावं लागत नाही.

नकाशाच्या डाव्या कोपऱ्यात गाडी फिरवून परत त्याच लाइनवर आणणारा जो फाटा काढलायस, तिथे शॉर्ट सर्किट होणार. आपल्याकडे वीज दोन रुळांतून वाहते. गाडी फिरून उलट तोंडाने आली, की डावा रूळ वळसा घेऊन उजव्याला जाऊन भिडतो. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून प्लॅस्टिकचे जोड घालायचे आणि मधल्या भागाला ध्रुव आपोआप बदलणारं यंत्र लावायचं. मधला तुकडा तुझ्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा मोठा हवा, नाहीतर दोन्ही टोकांवर एकदम चाकं येतात. माझं ऐकशील तर हा फाटाही सोड. रुळांच्या जोडपट्टीवर विजेसाठी विसंबू नकोस, दर मीटरभर खालून वायर सोल्डर कर. कंटाळवाणं काम आहे, त्यावर यापेक्षा जास्त लिहीत नाही.

आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसलो त्याकडे येतो. तू लिहिलंयस, 'बारकावे शेवटी भरू, माणसं, पिंपं, खोकी भरपूर आणून ठेवलीत.' इथे माझं तुझ्याशी अजिबात पटत नाही. वस्तू वाढवल्या की लेआउट, म्हणजे फळीवरचा सगळा देखावा, दुकानाच्या शोकेससारखा दिसतो. तिथे काय घडत असेल याचा विचार करून ठेवलेली एक वस्तू पुरते. इंजिन उभं राहतं तिथे रुळांच्या मधोमध तेलाचा काळपट पट्टा पडतो, कारण तेल गळतं. फलाटाजवळची खडी तपकिरी होते, कारण गाड्या तिथे ब्रेक लावतात आणि ब्रेकचा भुगा खाली झडतो. पाण्याच्या टाकीखाली हिरवट ओल. छपराच्या पन्हळीचा सांधा फुटला असेल तर बरोबर त्याच्याच खाली भिंतीवर ओघळ, दोन हात पलीकडे नाही. कारण सापडलं की रंग कुठे लावायचा ते आपोआप कळतं. कारण सापडलं नाही तर ब्रश खाली ठेव.

रुळांपासूनच सुरुवात कर. नवे रूळ बाजूने चांदीसारखे चमकतात, आणि नेमकी ती चमकच मॉडेलची चुगली करते. बाजूंना गडद तपकिरी मॅट रंग लाव. नारिंगी नको, नारिंगी गंज ताज्या लोखंडाचा, रुळांचा जुना गंज मातकट असतो. माथा मात्र लगेच पुसून घे. खऱ्या रुळाचा माथाही चाकांनी घासून चकाकतो आणि आपल्याला वीज तिथूनच घ्यायची असते. वापरात नसलेली एखादी सायडिंग, म्हणजे बाजूची लाइन, दाखवायची असेल तर तिचा माथाही रंगव आणि टोकाच्या बफरपाशी, गाडी अडवणाऱ्या आडोशापाशी, थोडं गवत उगवू दे. इंजिन तिकडे न्यायचंच नाही.

खडीचं प्रमाण फार लोक चुकवतात. खरी खडी चार-पाच सेंटिमीटरची, म्हणजे एचओमध्ये दाणा अर्धा मिलिमीटर. याहून मोठा दाणा घेतलास तर रूळ दगडांच्या ढिगाऱ्यात बसल्यासारखे वाटतील. खडी कोरडीच पसर, मऊ ब्रशने सारख, मग ब्रशच्या दांड्याने रुळावर हलक्या टिचक्या मारत जा. स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर, अडकलेले दाणे खाली उतरतात. स्लीपरवर एकही दाणा राहता कामा नये, तो फोटोत दिसतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल बारीक फवाऱ्याने मार. पांढरा गोंद आणि पाणी निम्मं-निम्मं कर, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाक आणि ड्रॉपरने सोड. साबण नसेल तर गोंदाचा थेंब खडीवर गोळा होऊन बसतो आणि दाणे ओढून खड्डा करतो. साबण असला की दुधासारखा झरझर आत जिरतो, बघत राहावंसं वाटतं. पॉइंटच्या, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याच्या, हलत्या पात्यांपाशी मात्र गोंद जाऊ देऊ नकोस, तिथली खडी चिमटीने, दाणा दाणा.

गवतासाठी स्टॅटिक ग्रासचं यंत्र घे. गोंद लावलेल्या जागी एक खिळा टोचायचा, यंत्राची एक वायर त्याला जोडायची आणि वरून जाळीतून तंतू झाडायचे. उच्च दाबाच्या विजेने तंतू भारित होतात आणि गोंदात उभेच्या उभे रुततात. आधी 2 मिलिमीटरचे, मग तुरळक 4 आणि 6 चे. एकाच लांबीचं, एकाच हिरव्याचं गवत म्हणजे गालिचा. वाळका पिवळा रंग तुला वाटतो त्याच्या दुप्पट घाल.

माणसांबद्दल माझा एक हट्ट आहे. पळणारी, हात उंचावलेली, सायकलवर पाय मारणारी माणसं नकोत. पहिल्या क्षणी मजा वाटते, पण गाडी तीन फेरे मारून येते आणि हा गृहस्थ एक पाय हवेतच घेऊन उभा! बसलेला, टेकून उभा, पेपर वाचणारा माणूस कितीही वेळ तसाच राहिला तरी खरा वाटतो.

कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या जॉन ॲलन या मॉडेल रेल्वेवाल्याबद्दल तू विचारलं होतंस. नवं मॉडेल मुद्दाम मळवून जुनं करायची रीत रुळवण्यात त्याचा मोठा हात होता. जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे केले, जागा मोठी भासावी म्हणून जागोजागी आरसे बेमालूम बसवले. 1973 मध्ये तो गेला आणि थोड्याच दिवसांत घराला आग लागून त्याचा लेआउटही गेला. आज जे दिसतं ते फोटोंमधून. गंमत म्हणजे वास्तवाचा एवढा ध्यास घेतलेल्या या माणसाने लेआउटच्या यार्डात डबे ओढायला एक खेळण्यातला स्टेगोसॉरस डायनासोर ठेवला होता, एमा नावाचा! तेव्हा माझे सगळे नियम वाचून झाल्यावर एक मोडायला तुला मुभा आहे. एकच.

आणि वेग. खोक्यातून काढल्या काढल्या तू गाडी सुसाट सोडणार, हे मला ठाऊक आहे. ताशी 60 किलोमीटरचा वेग एचओमध्ये सेकंदाला 19 सेंटिमीटर होतो. टेबलावर पट्टी ठेवून मोज, केवढा संथ आहे ते कळेल. तुझ्या इंजिनातल्या डीसीसी डिकोडरमध्ये, म्हणजे डिजिटल हुकूम झेलणाऱ्या चिपमध्ये, सीव्ही नावाची क्रमांकांची सेटिंग्ज असतात. सीव्ही 5 बहुधा कमाल वेग ठरवतो, तो खाली आण. सीव्ही 3 वाढवलास की इंजिन हळूहळू वेग घेईल. गाडी संथ चालली की पाच मीटरचा फेराही लांब वाटतो. शिवाय मागच्या बाजूला डोंगराआड दोन लपलेल्या लाइन ठेवल्यास तर गेलेली गाडी थांबवून दुसरी बाहेर काढता येईल. बघणाऱ्याला ती कुठून तरी आली असं वाटतं. तेवढ्यासाठी एक बोगदा मंजूर.

नकाशावर लाल पेनाने खुणा करून परत पाठवतोय. कारखाना आणि डोंगरावरचं गाव मी खोडलंय, शेड ठेवलीय. डोंगराच्या मागे हात पोचतो का ते आधी बघ. 75 सेंटिमीटरच्या पुढे घसरलेला डबा उचलता येत नाही. आणि चौकट ठोकण्याआधी खोलीच्या दाराची रुंदी मोजून कळव. कधी घर बदललंस तर हे सगळं त्याच दारातून बाहेर काढायचंय, त्यामुळे दोन तुकड्यांत करायचं की एकात, ते त्यावर ठरवू.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझाच,
रेल्वेवेडा