जंताचं औषध पाण्यातून नको

दापोली,
२४ जून

प्रिय दत्तू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस की जंताचं औषध देऊनही कोंबड्या उतरतच का चालल्या आहेत. त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहितो.

तुझं औषध खोटं नाही, ते कोंबड्यांच्या पोटात गेलंच नाही. तू बाटली पाण्याच्या भांड्यात ओतलीस. वैशाखात हे एक वेळ चाललं असतं, पण आता आर्द्रा नक्षत्र लागलंय. पागोळीखाली डबकं, केळीच्या आळ्यात पाणी, चारा ओला. कोंबडी भांड्याकडे फिरकते कशाला? त्यातून तुझ्या औषधातलं अल्बेंडाझोल पाण्यात विरघळत नाही, तासाभरात तळाशी गाळ होऊन बसतं. आणि जी सगळ्यांत खंगलेली, तीच सगळ्यांत कमी पाणी पिते. म्हणजे जिला औषध हवं होतं तिला ते मिळालं नाही आणि धडधाकट कोंबड्याला कदाचित दुप्पट मिळालं. पावसाळ्यात जंताचं औषध एकेकीला धरून, चोचीतूनच द्यायचं.

त्याआधी जंतच आहेत ना, ते बघ. तुरा फिका पडलाय का, छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागतंय का, खाऊनही अंगाला लागत नाही का. अंडी कमी होतात, बलक पांढुरका येतो. सकाळी खुराड्यातली शीट काडीने पसरून पाहा. बोटभर लांब, पांढरा, दोन्ही टोकांना निमुळता दिसला तर तो गोल जंत. तांदळाच्या कणीसारखे पांढरे, कधी वळवळणारे तुकडे दिसले तर पट्टकृमी. याचा फरक पुढे औषधात पडतो. दिवसातून एक-दोनदा कोंबडी तपकिरी, चिकट, घाण वासाची शीट टाकते, ती मात्र नेहमीचीच असते, तिला घाबरू नकोस. शीटेत रक्त असेल तर जंतांवर वेळ घालवू नकोस, ती बहुधा रक्ती हगवण असते आणि तिचं औषध वेगळं. मान ताणून, चोच उघडून घरघरत असेल तर आधी मानमोडी (राणीखेत) किंवा सर्दीचा आजार मनात आण. जंतांचं नंतर बघू.

आता मात्रा. गोल जंतांसाठी अल्बेंडाझोल किलोमागे १० मिलिग्रॅम धरायचं. दुकानात बहुतेक वेळा २.५ टक्क्यांचं पातळ औषध मिळतं, त्याच्या १ मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम असतं. म्हणजे सव्वा किलोच्या गावठी कोंबडीला अर्धा मिलिलिटर, दोन किलोच्या कोंबड्याला ०.८, आणि तुझी ती तीन किलोची गिरिराज जातीची असेल तिला १.२. बाटलीवर १० टक्के लिहिलं असेल तर तेवढंच देऊ नकोस, चौपट होईल. १ भाग औषधात ३ भाग पाणी मिसळून २.५ टक्क्यांचं कर आणि प्रत्येक कोंबडीआधी हलव. वजन डोळ्यांनी ठरवू नकोस, पिशवीत घालून काट्याला अडकव. मापाला बिनसुईची १ मिलिलिटरची सिरिंज घे. तुझ्या बारा पक्ष्यांना एका वेळी सात-आठ मिलिलिटर पुरेल, ३० मिलिलिटरच्या बाटलीत दोन्ही फेऱ्या होतात.

माणसांची ४०० मिलिग्रॅमची गोळी मोडून घालणारे पुष्कळ आहेत. हिशेब कर, ती गोळी ४० किलो कोंबड्यांची झाली. पाव गोळी सव्वा किलोच्या एका कोंबडीला दिली तर मात्रा आठपट. आणि शेजारच्या कबुतरांना तर हे औषध देऊच नको म्हणून सांग, त्यांना ते बाधतं.

द्यायची वेळ संध्याकाळची. खुराड्यात बसल्या की एकेक बाहेर काढ. कोंबडी काखेत धर, पंखांवरून पंचा गुंडाळ. चोच उघडलीस की जिभेच्या मुळाशी मधोमध उघडझाप करणारं भोक दिसेल, ती श्वासनळी. औषध तिथे गेलं तर कोंबडी हातातच जाईल. म्हणून मान मागे पाडायची नाही, सिरिंजचं टोक चोचीच्या कोपऱ्यातून गालाच्या आतल्या बाजूला टेकवायचं आणि दोन-दोन थेंब सोडायचे. गिळलं की पुढचे दोन. झालेल्या कोंबडीच्या पायाला सुतळीचा तुकडा बांध, अंधारात तीच तीच हाताला लागते.

दुसऱ्या दिवशी त्यांना लगेच सोडू नकोस, ही चूक सगळे करतात. पुढचे दोन दिवस मेलेले जंत पडतात आणि मादी जंताच्या पोटात अंडी भरलेली असतात. कोंबड्या परसात फिरल्या तर ती अंडी तूच परसभर पेरलीस. दोन दिवस खुराड्यात कोंड, खाली जुनी पोती पसर, मग सगळी शीट खड्ड्यात घालून वर चुना आणि माती टाक. भाजीच्या वाफ्यात नाही, तिथे त्या उकरतात.

पंधरा ते एकवीस दिवसांनी दुसरी फेरी हवीच. गोल जंताची पिल्लं आठव्या ते सतराव्या दिवसाच्या आसपास आतड्याच्या अस्तरात शिरून बसतात, तिथे औषध नीट पोचत नाही. ती बाहेर आली की दुसरी मात्रा त्यांना गाठते. एकच फेरी दिलीस तर दीड-दोन महिन्यांत होतं तिथेच येशील.

अंड्यांचं आधीच ठरवून ठेव. पहिल्या मात्रेपासून दुसरीनंतरचे दोन आठवडे होईपर्यंत अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत. खुडूक कोंबडीखालीही ठेवू नकोस, हे औषध गर्भाला बाधतं. मटणालाही तोच नियम. गटारी महिन्यावर आली, तेव्हा तिच्यासाठी राखलेले कोंबडे आत्ताच बाजूला काढ, त्यांना औषध देऊ नकोस आणि वेगळ्या खुराड्यात ठेव, नाहीतर त्यांची शीट बाकीच्यांचं सगळं वाया घालवेल. पिसं झडून नवी येत असलेल्या कोंबडीलाही थांब, या कुळातल्या औषधांनी नवी पिसं वाकडी येतात.

पट्टकृमी असले तर वरची मात्रा पुरत नाही आणि पाइपराझिन तर त्यांना काहीच करत नाही. ते स्वस्त औषध फक्त मोठ्या गोल जंतांना लुळं करून बाहेर पाडतं. पट्टकृमीला प्राझिक्वांटेल लागतं, ते डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलेलं बरं. पट्टकृमी शीटेतून थेट कोंबडीत जात नाही. मुंग्या, शेणकिडे, माश्या, गोगलगायी त्याची अंडी खातात आणि कोंबडी त्यांना खाते. तुझं खुराडं गोठ्याच्या उकिरड्याला चिकटून आहे, तेवढं हलव. पावसाळ्यात सकाळी गोगलगायी दडेपर्यंत, नऊ-साडेनऊपर्यंत, कोंबड्या सोडू नकोस.

आणि आता जमिनीचं. गोल जंताचं अंडं शीटेबरोबर पडतं तेव्हा कच्चं असतं. ओल आणि ऊब मिळाली की दहा ते वीस दिवसांत ते पिकतं, आणि मग कोंबडीने टिपलं की जंत. आपल्या पावसाळ्यात दोन्ही फुकट मिळतं, म्हणून कोकणात जूनपासूनच हा त्रास वाढतो. अंड्याचं कवच जाड असतं, फिनेल ओतून फरक पडत नाही. मारतं ते ऊन, कोरडेपणा आणि उकळतं पाणी. दांड्या आणि खाण्याची भांडी आठवड्याला उकळत्या पाण्याने धू. खाद्य रोज एकाच जागी फेकू नकोस, आणि मोरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात तर नाहीच.

खुराड्याची जमीन मात्र बदलच. पोफळीच्या रिपा (लांब पट्ट्या) मारून तळ जमिनीपासून दोन फूट उचल, रिपांमध्ये सुमारे दोन सेंटीमीटर फट ठेव. शीट खाली पडते, कोंबडीच्या पायाला आणि चोचीला लागत नाही. पिल्लांसाठी त्यावर बारीक जाळी टाक, नाहीतर फटीत पाय अडकतात. तूस घालून ठेवणार असशील तर चार इंच थर, दर दोन दिवसांनी उलथायचं आणि ओलं झालं तिथून लगेच काढायचं. खरं सांगायचं तर आषाढात आपल्याकडे तूस कोरडं राहत नाही. रिपाच बऱ्या.

पिल्लांना पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात दे, तीन महिन्यांच्या आतली पिल्लंच यात सर्वांत जास्त खंगतात. मानमोडीची लस टोचायची असेल तर औषध आठवडाभर आधी उरक. पुढच्या वर्षी मृगाच्या पंधरा दिवस आधी सगळ्यांना एक फेरी दे, म्हणजे ओली जमीन मिळायच्या आत पोटं रिकामी होतील. पुढची कोजागिरीच्या सुमारास.

लसूण, पपईच्या बिया, राख वगैरे तुझ्या आईंनी सांगितलंय ते घाल, अपाय नाही. राखेत लोळल्या तर उवा कमी होतात, पण पोटातल्या जंतांचं त्यात काही जात नाही. सुपारी उगाळून मात्र पाजू नका. तिच्यातलं अ‍ॅरेकोलिन पूर्वी कुत्र्यांच्या पट्टकृमीवर वापरत, पण मात्रा जराशी चुकली की जनावर जातं. त्यापेक्षा शेवग्याचा पाला टांगून ठेव. त्यात अ जीवनसत्त्व असतं, ते कमी पडलं की जंत जास्त माजतात. सुकटीचा चुरा द्यायचा तर पाण्यातून दोनदा काढून दे, मीठ कोंबडीला चढतं.

दुसऱ्या फेरीनंतर दहा-बारा दिवसांनी तीन-चार कोंबड्यांची सकाळची ताजी शीट झाकणाच्या डबीत घालून त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ने. मिठाच्या दाट पाण्यात घालून जंतांची अंडी तरंगतात का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. अंडी दिसली तर औषधाचं नाव आणि दिलेली मात्रा त्यांना लिहून दाखव, आणि मला कळव. औषध बदलायचं की मापात चूक झाली, ते त्यावरूनच कळेल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनू